चवड्याचे दुखणे: भार कुठे पडतो ते शोधावे आणि तो हलवावा

टाचदुखी आता घरोघरी ठाऊक झाली आहे; चवड्याच्या दुखण्याला मात्र अजून धड नावही मिळालेले नाही. माणूस नुसते "पाय दुखतो" असे सांगतो आणि ऐकणारा त्याच्या गुडघ्याकडे पाहू लागतो. चवडा म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेला तळव्याचा पुढचा रुंद भाग. उकिडवे बसताना, जिना चढताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढण्यासाठी टाचा उंचावताना सगळे शरीर याच भागावर पेललेले असते. इथल्या दुखण्याला वैद्यकीय भाषेत 'मेटाटार्सल्जिया' म्हणतात, परंतु हे निदान नव्हे. 'पोटदुखी' म्हणावे तसे ते केवळ दुखण्याच्या जागेचे नाव आहे. कागदावर हा शब्द लिहून मिळाला म्हणजे कारण कळले असे होत नाही.

मी स्वतः बरीच वर्षे वर्गात उभे राहून शिकवले आणि अंगठ्याशेजारच्या बोटाखाली चपलेत खडा अडकल्यासारखे दुखू लागले, तेव्हा बहुतेक जण करतात तेच केले: मेडिकलच्या दुकानातून सिलिकॉनची मऊ गादी आणली आणि नेमकी जिथे दुखत होते तिथे चिकटवली. दोन महिन्यांत दुखणे वाढले. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी ती गादी सोलून काढली, त्याऐवजी फेल्टची लहानशी उशी घेतली आणि ती दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या दिशेने जेमतेम नखभर अंतरावर लावली. पुढच्या आठवड्यात मी तासभर न लंगडता उभा राहिलो. हे असे का घडते, ते कळण्यासाठी पावलाची रचना थोडी समजून घ्यावी लागते.

पावलाच्या मध्यापासून बोटांपर्यंत पाच लांब हाडे जातात, तीच मेटाटार्सल हाडे. प्रत्येकाचे पुढचे टोक गोलसर असून ते बोटाच्या हाडाशी सांध्याने जोडलेले असते. चवडा हाताच्या अंगठ्याने चाचपला तर ही पाच टोके कातडीखाली एकेक करून लागतात. पाऊल पुढे टाकताना मागच्या पायाची टाच उचलली गेली की क्षणभर जवळजवळ सगळा भार या टोकांवर येतो. पायाच्या अंगठ्यामागचे हाड सर्वांत जाड असते, त्याच्या टोकाखाली तिळावरून नाव पडलेली 'सेसमॉइड' ही दोन छोटी हाडे असतात, आणि ते टोक इतर प्रत्येक टोकाच्या साधारण दुप्पट भार घेते, असे परंपरेने मानले जाते. दुसरे हाड बहुतेकांच्या पायात सर्वांत लांब असते आणि त्याचे मूळ शेजारच्या हाडांमध्ये पाचरीसारखे घट्ट बसलेले असते, त्यामुळे भार वाढला तरी त्याला हलून अंग काढून घेता येत नाही. अंगठ्याने आपला वाटा उचलणे कमी केले, उदाहरणार्थ अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकून त्याच्या मुळाशी हाड बाहेर आले असेल, तर तो वाटा याच दुसऱ्या हाडावर येऊन पडतो. या टोकांखाली चरबीची एक जाड गादी असते. ती वयाबरोबर पातळ होते आणि बोटे वाकडी होऊ लागली की पुढेही सरकते. मग हाड आणि फरशी यांच्यामध्ये कातडीखेरीज फारसे काही उरत नाही.

आपल्याकडे या गादीची परीक्षा पाहणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. घरात अनवाणी वावरायची रीत आहे, आणि शेणाने सारवलेली जमीन जाऊन तिथे शहाबादी, ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल आली आहे. ओट्यापाशी तीन-तीन तास उभे राहणे याच फरशीवर घडते. कोल्हापुरी चप्पल टिकाऊ आणि देखणी खरी, पण तिचा तळ कडक चामड्याचा असतो, त्यात मऊपणा नसतो. साधी रबरी स्लिपर पायातून निसटू नये म्हणून बोटांना ती सतत पकडून ठेवावी लागते. उंच टाचेच्या सँडलविषयी वेगळे सांगायला नकोच. टाच जितकी उंच, तितका भार पुढे.

दुखण्याची जागा शोधावी

घरच्या घरी करण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे तपासणी, आणि तिला दहा मिनिटे पुरतात. उजेडात खुर्चीवर बसून दुखरे पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्यावे आणि अंगठ्याच्या टोकाने चवडा खालून, वरून आणि दोन हाडांच्या मधल्या खाचेत सावकाश दाबत जावे. दुखणे नेमके कुठे आणि कशा प्रकारचे आहे, यावरून बराच उलगडा होतो.

दाबल्यावर हाडाच्या गोल टोकाखाली दुखत असेल आणि तिथली कातडी जाड, पिवळसर झाली असेल, तर त्या टोकावर गरजेपेक्षा जास्त भार पडतो आहे असे समजावे. घट्टा हा त्या भाराने कातडीवर काढलेला नकाशाच असतो. मात्र जाड कातडी म्हणजे प्रत्येक वेळी कुरूप नव्हे. तळव्यावरची चामखीळही तशीच दिसते. फरक असा की चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की कळ येते आणि तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात, तर कुरूप सरळ खाली दाबल्यावर अधिक दुखते.

दुखणे टोकाखाली नसून तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधल्या खाचेत असेल, त्यात जळजळ किंवा विजेसारखी चमक असेल, बोटांना मुंग्या येत असतील आणि बूट काढून पाय चोळला की लगेच बरे वाटत असेल, तर ते 'मॉर्टन्स न्यूरोमा'कडे बोट दाखवते. फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक थॉमस मॉर्टन यांनी 1876 मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, त्यावरून हे नाव आले. नावात गाठ सुचवणारा 'ओमा' हा प्रत्यय असला तरी ती खरी गाठ नव्हे. शेजारच्या हाडांमध्ये चिमटून चिमटून नसेभोवतीचे आवरण जाड झालेले असते. मोज्याला चुणी पडून ती बोटांखाली आली आहे असे वाटते, मोजा काढून पाहिला तर चुणी नसते. ही तक्रार रुग्ण जवळजवळ याच शब्दांत सांगतात.

दुसऱ्या बोटाच्या मुळाशी खालून सूज असेल, ते बोट किंचित वर उचललेले दिसत असेल किंवा हळूहळू अंगठ्याकडे झुकून तिसऱ्या बोटापासून फट पडू लागली असेल, तर सांध्याखालची जाड पट्टी फाटत चालली असण्याची शक्यता असते. हे दुर्लक्षित राहिले तर बोट अंगठ्यावर चढते आणि मग पादत्राणे बदलून भागत नाही. ज्या स्त्रिया याच बोटात जोडवी घालतात, त्यांनी सूज दिसताच ती उतरवून ठेवावीत. सूज वाढल्यावर जोडवी कापून काढण्याची वेळ येते.

दुखणे पावलाच्या वरच्या बाजूने, एकाच हाडावर बोट ठेवून दाखवता येईल इतके नेमके असेल, वर थोडी सूज असेल आणि गेल्या काही आठवड्यांत चालणे एकदम वाढलेले असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्ये सैनिकांच्या पायांत हा प्रकार नोंदवला, आणि पुढे त्याला 'मार्च फ्रॅक्चर' असे नाव पडले. त्यासाठी सैन्यातच असावे लागते असे नाही. वर्षभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस आषाढात कोणताही सराव न करता पंढरपूरच्या वाटेला लागतो, किंवा नवरात्राचे नऊ दिवस डांबरी रस्त्यावर अनवाणी फिरतो, तेव्हा त्याची हाडे त्या सैनिकांच्या हाडांपेक्षा वेगळी वागत नाहीत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काढलेल्या एक्स-रेमध्ये ही चीर बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे चांगला आहे" म्हणून चालणे सुरू ठेवू नये.

याखेरीज काही दुखणी चवड्यात दिसतात, पण त्यांचे मूळ दुसरीकडे असते. मध्यरात्री अंगठ्याच्या मुळाशी अचानक ठणका लागून सांधा लाल, गरम झाला आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना, तर तो युरिक ॲसिडमुळे होणारा गाउट असू शकतो. दोन्ही पावलांचे चवडे सकाळी तासभर आखडलेले राहत असतील आणि हातांची बोटेही सुजत असतील, तर आमवाताची तपासणी करावी. दोन्ही तळव्यांची आग रात्री अंथरुणावर पडल्यावर वाढत असेल आणि चालण्याशी तिचा संबंध नसेल, तर रक्तातली साखर आणि जीवनसत्त्व बी-12 तपासावे. वयात येणाऱ्या मुलीला दुसऱ्या बोटाखाली सतत दुखत असेल, तर "वाढीचे दुखणे" म्हणून सोडून न देता दाखवून घ्यावे. त्या वयात या हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा बिघडून ते चपटे होण्याचा एक आजार असतो.

पादत्राणे

भार हलवायचा म्हणजे सुरुवात पादत्राणांपासूनच करावी लागते, आणि इथे मऊपणापेक्षा रुंदी आणि तळाचा ताठपणा जास्त महत्त्वाचा असतो. कागदावर उभे राहून पावलाची बाह्यरेषा काढावी आणि रोजचा बूट तिच्यावर ठेवून पाहावा. बूट रेषेच्या आत राहिला, तर बोटे दिवसभर चिमटलेली असतात, हे निराळे सिद्ध करावे लागत नाही. ही परीक्षा मी घरातल्या सगळ्यांच्या बुटांवर केली, तेव्हा त्यांतला एकच बूट उत्तीर्ण झाला आणि तो माझ्या वडिलांचा जुना कॅनव्हासचा होता.

खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगलेले असते. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा उरली पाहिजे, आणि ते बोट अंगठाच असेल असे नाही. टाच अडीच सेंटीमीटरच्या आत असावी. बूट हातात धरून पिळून पाहावा. ओल्या टॉवेलसारखा पिळला गेला तर ठेवून द्यावा. बोटांच्या सांध्याशी थोडा वाकणारा, पुढे किंचित वर उचललेला आणि तळ ताठ असलेला बूट चवड्याचे काम हलके करतो, कारण पाऊल त्यावरून पाळण्याच्या फळीसारखे पुढे झुलते आणि बोटे फार मुडपावी लागत नाहीत. घरात अनवाणी राहण्याचे निदान काही महिने थांबवावे आणि मागे पट्टा असलेली, जाड तळाची चप्पल फक्त घरासाठी वेगळी ठेवावी. देवघरात आणि स्वयंपाकघरात चप्पल नको असे म्हणणाऱ्या घरांतही या नव्या, बाहेर कधीच न गेलेल्या चपलेला सहसा परवानगी मिळते; न मिळाल्यास ओट्यापाशी जाड रबरी चटई टाकावी.

उशी कुठे लावावी

पुष्कळांची चूक होते ती इथेच. उशी दुखऱ्या टोकाखाली ठेवली, तर त्या टोकासाठी जमीन आणखी वर येते आणि दाब वाढतो. उशी टोकाच्या मागे ठेवली, तर ती हाडाच्या दांड्याला खालून उचलते, टोक अधांतरी हलके होते आणि शेजारची हाडे एकमेकांपासून किंचित दूर होतात. नस चिमटत असेल तर तिलाही त्यामुळे जागा मिळते.

नेमकी जागा काढण्याची एक घरगुती रीत आहे. अंगठ्याने दाबून सर्वांत दुखरा बिंदू शोधावा, त्यावर ओल्या कुंकवाचा ठळक टिळा लावावा आणि मोजा न घालता पाऊल बुटात घालून त्या पायावर पूर्ण भार देऊन उभे राहावे. पाऊल सरळ वर उचलून बाहेर काढले की आतल्या तळावर लाल ठिपका उमटलेला दिसतो. उशीची पुढची कड या ठिपक्याच्या मागे, टाचेच्या बाजूला अर्धा ते एक सेंटीमीटर अंतरावर आली पाहिजे. फेल्टची किंवा घट्ट फोमची, पाच-सहा मिलिमीटर जाडीची उशी सुरुवातीला पुरते. ती लगेच कायमची चिकटवू नये. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवून घरात दोन दिवस चालून पाहावे. पहिल्या दिवशी तासा-दोन तासांपेक्षा जास्त वापरू नये. तळव्याच्या मध्याशी काहीतरी अनोळखी टोचते आहे असे वाटणे ठीक, पण दुखू लागले तर उशी दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे सरकवावी. जागा पक्की झाली की बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून ती आतल्या तळाखाली चिकटवून घ्यावी, म्हणजे घामाने सुटत नाही.

दुसऱ्या बोटाखालची पट्टी ताणली गेली असेल तर केवळ उशी पुरत नाही. बोट किंचित खाली ओढून धरणारी चिकटपट्टी लावावी लागते, आणि ती लावण्याची पद्धत एकदा तज्ज्ञाकडून शिकून घेतलेली बरी. घट्ट गुंडाळलेल्या पट्टीने बोटाचा रक्तपुरवठा अडतो.

पोटरी

चवडा दुखतो तर पोटरीशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. पोटरी आखडलेली असली की चालताना टाच वेळेआधी उचलली जाते आणि चवड्याला भार जास्त वेळ सोसावा लागतो. पाय लांब करून बसावे, गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे ओढून पाहावे. ते काटकोनापुढे येतच नसेल तर पोटरी ताणण्याची गरज आहे. भिंतीवर हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा, टाच जमिनीला चिकटलेली आणि गुडघा सरळ ठेवून पुढे झुकावे, तीस सेकंद थांबावे, असे तीन वेळा करावे. मग तेच गुडघा थोडा वाकवून करावे. सकाळ-संध्याकाळ केल्यास फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक जण दहाव्या दिवशी सोडून देतात, हे मी अनुभवाने सांगतो.

दुखणे तीव्र असेतोवर चवड्यावर बसून फरशी पुसणे, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या आणि धावणे बंद ठेवावे. सायकल चालवावी, पण पॅडलवर चवड्याऐवजी पावलाचा मधला भाग ठेवावा, पोहणेही चालते. खाली बसून करायच्या कामाला पाट किंवा बुटके स्टूल घ्यावे.

औषधे, आणि घरातले उपाय

बर्फ पंचात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे दिवसातून दोन-तीनदा लावला तर ठणका कमी होतो. वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी ठीक, परंतु मूत्रपिंडाचा त्रास, उच्च रक्तदाब, पोटातला अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नये.

काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासण्याचा उपाय अनेक घरांत केला जातो. त्याने बरे वाटते, झोप लागते, त्यात काही वावगे नाही. मात्र भार होता तिथेच राहतो. बिब्ब्याची गोष्ट वेगळी. कुरुपावर बिब्ब्याचे तेल घालण्याची जुनी रीत अजूनही चालते आणि त्याने कातडी भाजून फोड येतात. हा उपाय करू नये. ब्लेडने कुरूप कापणेही तितकेच धोक्याचे. अंघोळीनंतर मऊ झालेला घट्टा वजरीने हलक्या हाताने घासावा, एवढे पुरे.

मधुमेह असलेल्यांसाठी नियम कडक आहेत. पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर चवड्यावरचा घट्टा न दुखताच आतून जखमेत बदलू शकतो. अशा व्यक्तींनी कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्या वापरू नयेत, कारण त्यांतले सॅलिसिलिक ॲसिड चांगली कातडीही जाळते. गरम पाण्याचा शेक आणि बर्फ दोन्ही टाळावे. आणि रोज रात्री आरशात तळवे पाहावेत, किंवा घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे.

डॉक्टरांकडे कधी जावे

पाय टेकवताच येत नसेल, जखम किंवा पू असेल, ताप असेल, सांधा लाल-गरम झाला असेल, बोट एकाएकी गार किंवा निळे पडले असेल, किंवा मधुमेह असून पायाला काही नवे दिसले असेल, तर त्याच दिवशी जावे. हाडाला चीर गेल्याची शंका असेल तर चालणे थांबवून दोन-तीन दिवसांत दाखवावे. ती भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे आणि ताठ तळाचा बूट लागतो. या गोष्टी नसतील, तर पादत्राणे, उशी आणि पोटरीचा व्यायाम सहा आठवडे नेटाने करून पाहावा आणि तरीही फरक नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

तिथे स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा प्रस्ताव येऊ शकतो. चिमटलेल्या नसेसाठी त्याचा काही काळ उपयोग होतो, पण वारंवार दिल्यास चवड्यातली चरबी पातळ होते आणि सांध्याखालची पट्टी कमकुवत होते, म्हणून किती वेळा देणार हे आधीच विचारून घ्यावे. शस्त्रक्रिया हा शेवटचा मार्ग. जाड झालेली नस काढली तर त्या दोन बोटांच्या मधली जागा कायमची बधिर राहते; लांब हाड तिरपे कापून मागे सरकवले तर काही जणांचे बोट पुढे जमिनीला टेकत नाही. दोन्ही गोष्टी होकार देण्यापूर्वी ठाऊक असाव्यात.

जाताना सर्वांत जास्त वापरलेली जुनी चप्पल किंवा बूट पिशवीत घालून न्यावा आणि कुंकवाचा ठिपका उमटलेला आतला तळही सोबत ठेवावा. तळाची झीज कुठे झाली आहे हे त्यावरून कळते. नवी कोरी चप्पल घालून गेल्यास यांतले काहीच दिसत नाही.